मत्स्यटाकीखालची वाकती नळी : फ्लेक्सिबल पीव्हीसी पाईप कुठे लावायचा, कसा लावायचा

तीन फुटी टाकी, खाली लाकडी कपाट, कपाटात संप, म्हणजे गाळणीचे खण आणि पंप असलेली छोटी टाकी. टाकीतलं पाणी खाली उतरतं, गाळून निघतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. कागदावर या दोनच रेघा असतात. प्रत्यक्षात त्या कपाटाच्या मागच्या भोकातून हात घालून वळवाव्या लागतात. कडक पाईप वापरला तर तिथे चार-पाच एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, बसतात. एल्बोमागे दोन सांधे, आणि प्रत्येक सांधा म्हणजे गळायची एक जागा. शिवाय पंपाची थरथर कडक पाईपमधून थेट काचेपर्यंत पोचते आणि रात्री खोलीत घूंऽऽ असा आवाज घुमत राहतो. या दोन्ही दुखण्यांवर फ्लेक्सिबल पाईप हा उपाय आहे.

पण म्हणून सगळंच प्लंबिंग त्याचं करू नका. सरळ धावेला कडक पाईप, वळणावर आणि पंपाजवळ मऊ पाईप, हे गणित ठेवा. आपल्या खानदेशात तर ते जास्तच पाळावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि मऊ पीव्हीसी तापला की आणखी लुळा पडतो. हिवाळ्यात ताठ बसवलेली लांब नळी उन्हाळ्यात मध्येच झोळ धरते, वळणावर चेमटते आणि पाण्याची धार अर्ध्यावर येते. पंप बिघडला म्हणून लोक पंप बदलतात. दोष नळीच्या लांबीचा असतो.

दुकानात नेमकं काय मागायचं

पाईप मिळत नाही अशी तक्रार खानदेशात कुणी करणार नाही. पीव्हीसी पाईप आणि ठिबकचा मोठा उद्योग जळगावातच आहे आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकचं दुकान नाही असा बाजार सापडणं कठीण. इथली अडचण उलटी आहे. ‘भाऊ, पाऊण इंची फ्लेक्सिबल द्या’ एवढंच म्हणालात तर चार वेगवेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही हातात पडू शकते.

पहिली म्हणजे पारदर्शक साधी नळी. गवंडी पातळी बघायला वापरतात ती, म्हणून तिला लेव्हल पाईपही म्हणतात. कूलरच्या पंपाला लागते तीही याच जातीची. आत जाळी नाही, त्यामुळे वाकवली की लगेच चेमटते. उजेडात आतून शेवाळ धरते आणि दोन उन्हाळ्यांत पिवळी पडून कडक होते. मत्स्यटाकीत हवेच्या नळीपलीकडे हिचा उपयोग करू नका.

दुसरी ब्रेडेड. दोन थरांमध्ये दोऱ्याची जाळी असते. पंपाकडून वर जाणाऱ्या पाण्यासाठी हीच घ्यायची.

तिसरी सक्शन होज. मऊ पीव्हीसीच्या अंगात कडक पीव्हीसीचा सर्पिल कणा असतो. शेतातल्या पंपाला लावलेली हिरवी किंवा करडी नळी सगळ्यांनी पाहिलेली असते. ती चेमटत नाही आणि बऱ्यापैकी जवळचं वळण घेते. टाकीतून खाली येणाऱ्या पाण्यासाठी ती उत्तम. घेताना आत बोट फिरवून बघा. आतून जितकी गुळगुळीत, तितकी विष्ठा आणि पानांचा गाळ कमी अडकतो.

चौथी जात स्विमिंग पूल आणि स्पाच्या कामातली. तिचा बाहेरचा व्यास कडक पाईपच्या मापाचा असतो, म्हणून ती सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी जोडायचा डिंक) लावून थेट सॉकेटमध्ये, म्हणजे फिटिंगच्या तोंडात, चिकटवता येते. परदेशी व्हिडिओंत ‘फ्लेक्सिबल पीव्हीसी’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. आपल्याकडच्या काउंटरवर ती सहसा नसते, मागवावी लागते. व्हिडिओ बघून ब्रेडेड नळी सॉकेटात चिकटवण्याचे प्रयोग मात्र घरोघर होतात. तो सांधा आठवडाभर टिकतो आणि मग रात्रीच कधीतरी सुटतो.

या चौघींत न मोडणारी, पण घरात आधीच पडलेली आणखी एक नळी म्हणजे ठिबकची १६ मिमी लॅटरल. ती पीव्हीसी नाही, पॉलिथिलिन आहे. सॉल्व्हंट सिमेंट तिला धरत नाही. कितीही थापलं तरी सालपटासारखं निघून येतं. ओळख पटत नसेल तर नळीची नखाएवढी चकती कापून पाण्याच्या पेल्यात टाका आणि बोटाने एकदा बुडवून हवा काढा. पीव्हीसी तळाशी जातं, पॉलिथिलिन तरंगतं. लॅटरल टाकाऊ आहे असं नाही. संपात वरून पाणी भरायची बारीक लाईन करायला ती छान, फक्त जोड ठिबकच्याच जॉइनर आणि ग्रोमेट-टेकऑफचे वापरायचे. पण ती कोरी हवी. वेंचुरीतून (ठिबकात खत सोडायच्या जोडणीतून) खत गेलेली लॅटरल किंवा फवारणी पंपाची नळी कितीही धुतली तरी टाकीत आणू नका. कपाशीवर मारलेल्या औषधाचा नळीत राहिलेला अंश माशांना पुरेसा असतो.

नवीन मऊ नळीचा वासही तपासून घ्या. मऊपणा येतो तो त्यात घातलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे, आणि स्वस्त नळीत तो सहज बाहेर सुटतो. वीतभर तुकडा कढत पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाण्यावर तेलकट तवंग दिसला किंवा रेनकोटसारखा उग्र वास आला तर ती नळी बागेला ठेवा. फूड ग्रेड छाप असलेली ब्रेडेड नळी थोडी महाग पडते, पण सहा फुटांत असा किती फरक पडणार! कडक पाईप आणि फिटिंग घेताना ‘शिसेमुक्त’ असा छाप बघा. पीव्हीसी पाईप आणि फिटिंगमधलं शिशाचं स्टॅबिलायझर हटवण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. कोपऱ्यात पडलेला जुना माल त्याआधीचा असू शकतो.

मापांचा घोळ

टाकीखालच्या गळत्यांचं मूळ दाबात क्वचित असतं, मापात बहुतेक वेळा असतं. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरमागे जेमतेम १०० ग्रॅम भरतो. एवढ्याशा दाबाने कुठलीच नळी फुटत नाही. फुटते ती जोडणी, कारण दोन बाजू एकमेकींच्या मापाच्या नसतात.

आपल्याकडे कडक पाईपची तीन घराणी आहेत. शेतीचा पीव्हीसी पाईप बाहेरच्या व्यासाने ओळखला जातो : २०, २५, ३२, ४०, ५० मिमी. घरगुती यूपीव्हीसी इंचात ओळखला जातो. त्यातला अर्धा इंची बाहेरून २१.३ मिमी, पाऊण इंची २६.७, एक इंची ३३.४ आणि दीड इंची ४८.३ मिमी भरतो. सीपीव्हीसी आणखी वेगळा : अर्धा इंची १५.९, पाऊण इंची २२.२, एक इंची २८.६ मिमी. म्हणजे शेतीचा २५चा पाईप यूपीव्हीसीच्या पाऊण इंची सॉकेटमध्ये खुळखुळतो आणि एक इंची यूपीव्हीसी पाईप ३२च्या शेती-फिटिंगमध्ये शिरतच नाही. सॉल्व्हंट सिमेंट हे भराव नव्हे. ते दोन पृष्ठभाग वितळवून एकजीव करतं. मध्ये मिलिमीटरभर फट असेल तर एकजीव व्हायला काही उरतच नाही.

मऊ नळीचं माप मात्र आतून घेतात. २० मिमी ब्रेडेड म्हणजे आतून २०, बाहेरून जाडीप्रमाणे २६-२७. त्यामुळे मऊ आणि कडक यांची गाठ घालायला मधे होज निपल लागतो. काही दुकानांत त्याला होज कॉलर म्हणतात. एका तोंडाला आटे किंवा सॉकेट, दुसऱ्याला दातेरी शेपूट. एक घराणं निवडा, शक्यतो यूपीव्हीसी, आणि सगळी फिटिंग एकाच दुकानातून, एकाच कंपनीची घ्या. काउंटरवरच सुकी जोडून बघा. पाईप सॉकेटमध्ये एक तृतीयांश ते दोन तृतीयांश सहज जावा आणि तिथे घट्ट व्हावा. पिशवीत व्हर्नियर असेल तर दुकानदाराशी वाद घालायची वेळ येत नाही.

पितळी निपल घेऊ नका. दिसायला भक्कम असतात, पण पितळात तांबं असतं आणि कोळंबी-गोगलगायींना तांबं अगदी थोडंही सोसत नाही. प्लॅस्टिकचेच घ्या.

किती जाड नळी

आपली टाकी ३६ × १५ × १८ इंची धरू. काठोकाठ भरली तर १५९ लिटर, प्रत्यक्षात १४०च्या आसपास. तासाला चार-पाच वेळा पाणी फिरायला हवं, म्हणजे ६०० ते ७०० लिटर. पंपाच्या खोक्यावर २००० लिटर लिहिलेलं असतं, ते शून्य उंचीवरचं. ‘कमाल उंची २ मीटर’ म्हणजे दोन मीटरवर थेंबही पडणार नाही. संपातल्या पाण्यापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत एक मीटर उंची असेल तर निम्मं धरा, त्यातूनही वळणांचं काही वजा करा. म्हणजे १५०० ते २००० लिटरचा पंप या टाकीला बरोबर बसतो.

ताशी ७०० लिटर पाणी २० मिमी नळीतून सेकंदाला साधारण ६० सेंमी वेगाने जातं. तेच १२ मिमी नळीतून न्यायचं म्हटलं तर वेग पावणेदोन मीटरच्या घरात जातो, आणि घर्षण जवळजवळ वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणून पंपाचं तोंड १३ किंवा १६ मिमीचं असलं तरी रिड्यूसर (माप बदलणारा जोड) लावून लगेच २० मिमीवर या. उतरत्या पाण्याला पंपाचा जोर नसतो, ते फक्त उताराने येतं. त्याला २५ मिमीपेक्षा बारीक नळी लावू नका. शक्य असेल तर ३२ लावा. जाड नळीने नुकसान कधीच होत नाही.

सामान

उतरत्या बाजूला : एक इंची टँक निपल (टाकीच्या भोकात बसणारा जोड) १, यूपीव्हीसी एक इंची पाईप ३ फूट, एक इंची युनियन (हाताने खोलता येणारा जोड) १, २५ मिमी होज निपल २, सक्शन होज ३ फूट. चढत्या बाजूला : ब्रेडेड २० मिमी ६ फूट, पाऊण इंची पाईप ३ फूट, एल्बो २, बॉल व्हॉल्व्ह १, युनियन १, होज निपल ३, पंपाच्या तोंडाचा रिड्यूसर. स्टेनलेसच्या होज क्लिप २० ते ३२ मिमी मापाच्या चार आणि २५ ते ४० मापाच्या चार. टेफ्लॉन टेप, यूपीव्हीसीचं सॉल्व्हंट सिमेंट १०० मिली. सीपीव्हीसीचा पिवळा डबा चालणार नाही.

युनियनच्या पैशांत काटकसर करू नका. वर्षातून दोनदा पंप धुवायला काढताना युनियन नसेल तर दर वेळी क्लिप सोडावी लागते, आणि दर वेळी नळीचं तोंड थोडं सैल होतं.

जोडणी

१. टाकीला भोक पाडायचं असेल तर आधी तळाची किंवा मागची काच टफन (तापवून कणखर) केलेली आहे का, हे टाकी बनवणाऱ्याला विचारा. टफन काचेला ड्रिल लागलं की ती एका क्षणात खडीसाखर होते. साध्या काचेला डायमंड कोअर बिट, कमी वेग आणि सतत पाण्याची धार लागते. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान एका भोकाच्या व्यासाएवढी लांब असावी. सवय नसेल तर काचवाल्याकडूनच पाडून घ्या.

२. टँक निपलचं रबरी वायसर आतल्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, कॉलरखाली बसवा. बाहेरून चाकी हाताने आवळा आणि वर पाव फेरा द्या. रबराला सिलिकॉन लावायचा उत्साह दाखवू नका. ओलं सिलिकॉन वायसरला वंगण देतं, ते सरकून वेडंवाकडं बसतं आणि तिथूनच झिरपतं.

३. कडक भाग आधी पूर्ण करा. पाईप काटकोनात कापा, कापलेल्या कडेचा केर चाकूने तासा, कपड्याने पुसा. सॉकेटला सिमेंटचा पातळ हात, पाईपला जाडसर. आत घालताना पाव फेरा फिरवा आणि तीसपर्यंत मोजत धरून ठेवा. सोडलं तर पाईप हळूच मागे सरकतो. सांध्याभोवती सिमेंटची सलग कडी दिसायला हवी. कडी तुटकी दिसली तर आतही तुटकीच आहे. उन्हाळ्यात हे काम सकाळी उरकून घ्या. दुपारच्या झळीत ब्रश डब्यातून पाईपपर्यंत येईस्तोवर सिमेंटवर साय धरते आणि तसा सांधा नुसता चिकटतो, वितळून जुळत नाही. डब्यातलं सिमेंट लापशीसारखं घट्ट झालं असेल तर डबा फेकून द्या. चोवीस तास पाणी नाही. मग साध्या पाण्याने धुऊन ते पाणी ओता. सिमेंटमधलं सॉल्व्हंट माशांना विषारी असतं, पण पूर्ण सुकून धुतलेल्या सांध्यापासून धोका नाही.

४. आट्यांना टेफ्लॉन टेप सहा ते आठ वेढे, आटा आवळण्याच्या दिशेने. प्लॅस्टिकचा आटा हाताने घट्ट आणि वर अर्धा फेरा, बस. पान्याला लोंबकळलात तर मादी आट्याला केसाएवढा तडा जातो. तो त्या दिवशी दिसत नाही. महिन्याने कपाटाचा तळ फुगतो तेव्हा कळतं.

५. आता मऊ नळी. धारदार ब्लेडने एका दमात सरळ कापा. करवतीने कापलेल्या तोंडाला धागे सुटतात आणि त्या धाग्यांतून पाणी वर चढून झिरपतं. तोंड दीड इंच कढत पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवा. लायटर, मेणबत्ती अजिबात नाही. भाजलेल्या पीव्हीसीची आतली बाजू सुरकुतते आणि त्यातून निघणारा धूरही घातक. नळी लवचीक झाली की होज निपल ओला करून सगळे दाते आत जातील इतकी ढकला. साबण, तेल लावू नका. त्याने नळी जितक्या सहज चढते तितक्याच सहज उतरते.

६. क्लिप नळीच्या तोंडापासून चार-पाच मिमी आत, दात्यांवर बसेल अशी. पेचकस फिरवत असताना क्लिपच्या फटींतून नळी किंचित फुगून दिसू लागली की थांबा. सक्शन होजचं अंग खाचांचं असल्याने तिला दोन क्लिप, पेच एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. शेतात दोन वेढे तार आवळून काम भागवतात. तिथे गळालं तर बांधावर गळतं. इथे खाली लाकडी कपाट आणि जवळच विजेचा बोर्ड आहे. तार मऊ पीव्हीसीत रुतत जाते आणि शेवटी कापते.

७. चोवीस तासांनी सगळ्या क्लिप पुन्हा अर्धा फेरा आवळा. मऊ पीव्हीसी दाबाखाली हळूहळू पसरतो, त्यामुळे पहिल्या दिवशीची घट्ट क्लिप दुसऱ्या दिवशी सैल असते. पहिल्या एप्रिलअखेर पुन्हा एकदा बघा.

नळीची वाट

पंपाच्या तोंडाशी वीतभर ब्रेडेड, मग युनियन, बॉल व्हॉल्व्ह आणि कडक पाईप. थरथर अडवायला वीतभर नळी पुरते. वळण देताना २० मिमी ब्रेडेडला निदान बारा-पंधरा सेंमी त्रिज्या द्या. वळणाच्या आतल्या बाजूला चुणी दिसली तर पाणी तिथेच अडतंय. त्याहून जवळचं वळण हवं असेल तर हट्ट सोडून एल्बो लावा. टाकीच्या काठावरून पाणी आत सोडणारं शेवटचं वळण नेहमी कडक पाईपचं, दोन एल्बोंचं ठेवा. मऊ नळी काठावरून लोंबकळत ठेवली तर उन्हाळ्यात ती सुटून बाहेर येऊ शकते, आणि पंप मात्र इमानाने संप रिकामा करत जमिनीवर पाणी ओतत राहतो.

उतरती नळी सतत उतरती हवी. मध्ये तिला पोट सुटलं की तिथे हवा आणि गाळ साठतो, आणि टाकी गुळण्या करायला लागते : गुडगुड, मग शांतता, मग एकदम लोंढा. जास्तीची लांबी ‘राहू दे, पुढे लागेल’ म्हणून गुंडाळून ठेवू नका, कापा. संपातलं टोक पाण्याखाली फक्त दोन-तीन सेंमी बुडवा. खोल बुडवलं तर सुरुवातीला नळीतली हवा बाहेर पडू शकत नाही आणि वरचं पाणी तुंबतं. पाण्याच्या वर ठेवलं तर धबधब्याचा आवाज आणि बुडबुडे. उतरत्या नळीवर पूर्ण बंद होणारा व्हॉल्व्ह नको. चुकून कुणी फिरवला तर पंप वर पाणी टाकतच राहतो. प्रवाह कमी-जास्त करायचा तो चढत्या बाजूच्या व्हॉल्व्हने.

पंप बाहेर ठेवायचा असेल, म्हणजे संपातून पाणी ओढून घेणारा, तर ओढणारी बाजू फक्त सक्शन होजची. ब्रेडेडसुद्धा तापल्यावर आतल्या आत चपटी होते.

लाईट गेल्यावर काय होतं

भारनियमन, वादळ, डीपी उडणं. पंप दिवसातून एकदा तरी थांबणार असं गृहीत धरूनच नळ्या लावा. पंप थांबला की चढत्या नळीतलं पाणी उलटं फिरतं आणि नळी सायफन बनते. तिचं तोंड टाकीत जितकं खोल, तितकं पाणी खाली येतं. आपल्या टाकीचा पृष्ठभाग सुमारे ३५०० चौरस सेंमी आहे, म्हणजे पातळी एक सेंमी उतरली की साडेतीन लिटर पाणी खाली येतं. तोंड आठ सेंमी बुडलेलं असेल तर २८ लिटर. संप २४ × १२ × १४ इंची असेल आणि पाणी आठ इंचांवर असेल, तर वरच्या सहा इंचांत मावतात तेही जवळपास २८ लिटरच. त्यात नळ्यांमधलं आणि ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी जिथून खाली उतरतं त्या कप्प्याच्या) दात्यांवरचं चार-पाच लिटर मिळवा. फरशीवर पाणी आलंच.

उपाय स्वस्त आहे. चढत्या पाईपला टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली लगेच, अर्धा सेंमीवर, ५ मिमीचं भोक पाडा. पातळी थोडी उतरली की भोक उघडं पडतं, हवा शिरते आणि सायफन तुटतो. दोन भोकं पाडली तर उत्तम, कारण एकात गोगलगाय जाऊन बसतेच. तोंडही दोन-तीन सेंमीपेक्षा खोल ठेवू नका. पाणी उलटं फिरू न देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार त्याच्या पडद्यावर बसतो आणि काही महिन्यांत तो अर्धवट उघडाच राहतो. लावायचा तर लावा, पण संपातली मोकळी जागा तो नाहीच असं समजून सोडा.

मासे टाकण्याआधी ही परीक्षा घ्या. टाकी चालू करा, दहा मिनिटं स्थिर होऊ द्या, संपाच्या काचेवर मार्करने रेघ मारा. प्लग काढा. पाणी चढायचं थांबलं की दुसरी रेघ. ती काठापासून निदान दोन इंच खाली हवी. पुन्हा चालू करा. टाकी काठोकाठ न येता पाणी पहिल्या रेघेवर परत यायला हवं. हे पाचदा करा, कारण पहिल्यांदा नीट सुटलेला सायफन तिसऱ्यांदा अडखळतो. पहिली रेघ पुसू नका. पुढे बादलीने पाणी घालताना तिच्यावर कधीच जायचं नाही.

उन्हाळ्यात हीच रेघ उलट्या कामाला येते. टाकी आणि संपातून उडालेलं सगळं पाणी शेवटी पंपाच्या खणातूनच कमी होतं, कारण बाकीच्या खणांची पातळी आडव्या काचांनी बांधलेली असते. पंपाचा खण ८ × १२ इंची असेल तर दोन लिटर पाणी उडालं की त्यातली पातळी तीन सेंमीहून जास्त उतरते. पंप हवा ओढायला लागतो, ब्रेडेड नळी दूध भरल्यासारखी पांढरी दिसते आणि टाकीभर बारीक बुडबुडे होतात. तेव्हा नळीत गळती शोधत बसू नका, आधी रेघ बघा. उडालेल्या पाण्याची भरपाई बोअरच्या पाण्याने केली तर क्षार साचत जातो, कारण वाफ होताना क्षार मागेच राहतो. या भरपाईसाठी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बरं.

पंपाची वायर बोर्डाकडे जाताना आधी बोर्डाच्या खाली झोळ घेऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब झोळाशी गळून पडेल. त्या बोर्डाला ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, असायलाच हवा.

पुढची देखभाल

नव्या मऊ नळीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतून पांढुरकी बुळबुळ धरते. ती जिवाणूंची असते, घाबरायचं कारण नाही. हळूहळू कमी होते. शेवाळ धरू नये म्हणून उजेडात येणारा भाग गडद रंगाच्या सक्शन होजचा ठेवा किंवा झाका. साफ करायला नळीतून आधी दोरी ओवा, दोरीला सुती फडक्याची गाठ बांधा आणि पायजम्याच्या नाडीसारखी ओढून घ्या. क्षाराचा खवला बसला असेल तर नळी सोडवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात, लिटरला दोन मोठे चमचे, तासभर बुडवून ठेवा आणि भरपूर धुवा. टाकीला जोडलेली असताना हा उपाय करायचा नाही. सायफनचं भोक दर आठवड्याला काडीने मोकळं करा.

क्लिपजवळ थेंब दिसला की पहिली प्रतिक्रिया पेचकस फिरवायची असते. नळी अजून बोटाने दबत असेल तर ठीक. पण दोन-तीन वर्षांची नळी दाबून बघा. तोंड खडखडीत कडक झालं असेल तर आवळून उपयोग नाही, उलट चिरेल. मऊपणा देणारं द्रव्य निघून गेलेलं असतं आणि नळी निपलच्या दात्यांना धरत नाही. अशा वेळी पंप बंद करून नळी उपसा, तोंडाचे दोन इंच कापून टाका आणि आतल्या ताज्या भागावर कढत पाण्याने नव्याने चढवा. निम्म्याहून अधिक नळी कडक असेल तर पूर्ण बदला. नळी मुळात नेमक्या मापाने ताणून लावलेली असेल तर दोन इंच कापायला जागाच उरत नाही. म्हणून पहिल्यांदा बसवतानाच चढत्या बाजूच्या ब्रेडेड नळीला चार इंच जास्तीचे ठेवा, तेही झोळ न पडता वळणात सामावतील असे.